तेलाची वाटी

पाचवी पोळीही फाटली. रेणूनं तिच्यात राजमा भरून गुंडाळी केली, तसे पदर सुटले आणि राजमा तिच्या फ्रॉकवर सांडला.

"ही तोर्तिया नाही, आजी. ही पोळीच आहे."

"मैदा घेतला, वनस्पती तूप चोळलं, गरम पाण्यात मळलं. अजून काय पाहिजे माय तुला?" माझा आवाज चढला. चौतीस वर्षं मी पहिली-दुसरीची पोरं शिकवली. 'ण' काढायला महिना लावणाऱ्यावरसुद्धा कधी ओरडले नव्हते.

रेणू माझी नात. मेक्सिकोत जन्मली, नऊ वर्षं तिथंच वाढली. तिचा बाप शिवशंकर बियाण्यांच्या कंपनीत आहे. जूनमध्ये त्याची बदली जालन्याला झाली आणि ही पोर माझ्या घरात परदेशी आल्यासारखी राहू लागली. उद्या शाळेत प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा होता. "मी तोर्तिया आणते, मेक्सिकोची पोळी, स्वतः केलेली," असं तिनं वर्गात सांगितलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "फेकून राह्यली!" तेव्हापासून ती इरेला पेटली होती.

शिवशंकर दारातून हसला. "आई, तुझ्या वर्गात इतक्या वेळा कुणी नापास झाल्तं का?"

"तू जा बरं इथून! खायला येतं, लाटायला येत न्हाई."

मी सहावा गोळा घेतला. अर्धा लाटला असेल, तोच रेणूनं माझं मनगट धरलं.

"बघ! आत्ता काय करतेस?"

बघितलं. माझी बोटं डावीकडच्या तेलाच्या वाटीत होती. तेल लावायचं, दुमडायचं, पुन्हा लाटायचं. बाराव्या वर्षापासून हेच करत आले, हात मला विचारतसुद्धा नाही. म्हणजे प्रत्येक पोळीला पदर मीच पाडले होते आणि मंग ती सुटते म्हणून मीच चिडत होते.

"मघाशी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं. तीनदा. तू म्हणालीस, मला शिकवू नको."

म्हणाले होते. आता चीड स्वतःचीच आली. वर्गात कुठल्या पोराच्या हातातली पेन्सिल मी काढून घेतली नाही, आणि इथं सकाळपासून लाटणं माझ्याच हातात!

पोळपाट तिच्याकडं सरकवला. तिनं उरलेल्या पिठाचे गोळे करून ओल्या फडक्याखाली झाकले.

"आता अर्धा तास थांबायचं."

"अर्धा तास? बिलकुल गरज न्हाई."

"आजी!"

थांबले. घड्याळ हलेना. मंग तिनं लाटायला घेतलं, तर एक कड जाड, एक पातळ. ती उचलून तिनं दोन्ही हातांवर इकडून तिकडं टाकत ताणली. तिथल्या शेजारच्या आजी अशीच करत, म्हणे. आता फाटणार, असं मला दर वेळी वाटायचं. मी हात मांडीखाली दाबून बसले.

तव्यावर पांढरी राहिली, तपकिरी ठिपके आले. तिनं राजमा भरला, गुंडाळली, उलटी धरून हलवली. एक दाणा खाली पडला नाही.

नऊ झाल्या. दहावा गोळा तिनं माझ्यापुढं ठेवला.

"आता तू."

मी लाटला. बराबर गोल लाटला. आणि हात पुन्हा डावीकडं गेला.

रेणूनं तेलाची वाटी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.