शामलाच्या लग्नाचा मिक्सर

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात वामनराव हेडाऊंच्या शामलाचं लग्न ठरलं, आणि ठरलं ते थेट अमेरिकेतल्या मुलाशी. मधुकर तिकडे शिकागोला इलेक्ट्रिकल इंजिनियर होता, लग्नासाठी सुट्टीवर आला होता. साखरपुडा झाला, पण मुहूर्त निघाला महिनाभर पुढचा. तोवर मुलामुलीनं एकमेकांना भेटायचं? हेडाऊंच्या घरात हा विषय काढायचीही सोय नव्हती.

खरेदीची गोष्ट मात्र वेगळी. खरेदी म्हणजे काम, आणि कामाला नाही कोण म्हणणार! वामनरावांचं इतवारीत लोखंडी सामानाचं दुकान. खिळासुद्धा वाजवून घेणारा माणूस. परक्या मुलखात जाऊन महागाचं घेण्यापेक्षा मिक्सर, इस्त्री, टोस्टर असं सगळं इथूनच न्यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. माल मजबूत, शिवाय पोरीच्या संसारात बापाचं काहीतरी राहील.

"पसंत तुमी दोघं करा, जवाईबापू," ते म्हणाले. "मी पैसे देतो. संग आमची कौशल्याबाई येईन."

कौशल्याबाई म्हणजे वामनरावांची थोरली बहीण, शामलाची आत्या. पहाऱ्याला तिच्याइतकं कडक माणूस नाही, असा घरात समज होता. आत्याला आलुबोंडे किती आवडतात हे घराला ठाऊक नव्हतं. मधुकरला ते पहिल्याच दिवशी कळलं.

तर ही तिघं सीताबर्डीवर ताराचंदशेठच्या दुकानात गेली. शेठनं मिक्सर लावून दाखवला. मिक्सर असा गरजला की रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. शामलानं फिजिक्स घेऊन बी. एस्सी. केलेलं. तिची नजर गेली ती तळाच्या पट्टीवर. दोनशेवीस व्होल्ट. आणि अमेरिकेत वीज एकशेदहाची! तिथं हा गडी नुसता कण्हत बसणार, ओल्या खोबऱ्याची चटणीसुद्धा वाटायचा नाही. आता इंजिनियरसाहेब बोलतील म्हणून ती थांबली.

मधुकरनं मिक्सर उलटा केला, तीच पट्टी वाचली, मिक्सर खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "आवाज जरा जास्तच आहे, नाही?"

शामलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर खरेदी खलास, आणि खरेदी खलास तर लग्नापर्यंत हा माणूस दिसायचा नाही.

"हो ना," ती म्हणाली. "कान बसतील."

दुसऱ्या दिवशी झाकण सैल निघालं. तिसऱ्या दिवशी रंग भडक वाटला. मग इस्त्र्या सुरू झाल्या. एक जड, एक हलकी, एकीची वायर आखूड. आत्या दारातल्या स्टुलावर आलुबोंडा खाऊन डुलक्या घेई, आणि आत ही दोघं इस्त्रीवर हात ठेवून जगभरच्या गप्पा मारत. बर्फात अडकल्यावर पिठलं कसं करपवलं ते त्यानं सांगितलं. कॉलेजात बाईंच्या पदरावर शाई कशी सांडली ते तिनं सांगितलं. घरी येऊन तिनं वरणात मिठाऐवजी साखर घातली आणि वर स्वतःच पोट धरून हसत सुटली. आईला वाटलं, पोरीला नजर लागली.

एकच किडा तिचं डोकं पोखरत होता. हा माणूस इंजिनियर, आणि याला व्होल्ट कळत नाहीत? म्हणजे डिग्री खोटी की काय? पण तो समोर आला, हसला, की डिग्री गेली उडत असं तिला वाटे. मग तिची तिलाच लाज वाटे.

शेवटी वामनरावांचा धीर सुटला. "इतक्या दिवसांत माणूस हत्ती पसंत करते!" असं म्हणत ते एके दिवशी स्वतःच सोबत आले.

"शेठ," त्यांनी छाती काढून सांगितलं, "सगळ्यात भारी मिक्सर बांधा. जवाई अमेरिकेत राह्यतेत, तिकडं न्यायचा आहे."

ताराचंदशेठचा हात हवेतच थांबला. "अमेरिका? अरे भाऊ, मले तर कोणी बोललंच नाही! ये माल उधर नहीं चलता. तिकडची लाइट अर्ध्या व्होल्टची. यातलं एकबी काही चालत नाही!"

वामनराव हळूहळू मधुकरकडे वळले. "तुमी इलेक्ट्रिकचेच इंजिनियर ना? दुकानदाराले समजते आन् तुमाले नाही? काय शिकले गा तुमी? का शिकलेच नाही? असा पारखल्याबिगर माल मी दुकानात ठेवत नाही, तर पोरगी देऊ? मोडलं समजा लग्न!"

मधुकरचे कान लाल झाले, पण तो बोलेना. शामलानं त्याच्याकडे पाहिलं. 'मुद्दाम' एवढ्या एका शब्दात त्याची सुटका होती, आणि तो शब्द भर दुकानात उच्चारला तर तिची शोभा झाली असती. म्हणून हा माणूस खोटा इंजिनियर ठरायला तयार होता! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आनंदानं तिला गरगरायलाच लागलं.

"बाबा, त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मलेबी माहीत होतं."

मधुकरनं चमकून मान वर केली. "तुलाही?" आणि तो हसायलाच लागला.

"मंग रोज इथं काय करून राह्यले होते तुमी?" वामनराव कडाडले.

"भेटून राह्यलो होतो, बाबा."

आत्या जागी झाली आणि परत डोळे मिटून बसली. वामनरावांनी एकदा पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा जावयाच्या. त्यांनी स्वतः शामलाच्या आईचं तोंड पहिल्यांदा पाहिलं होतं ते अंतरपाट सरल्यावर, तेही मुंडावळ्यांतून. ते खुर्चीवर टेकले, टोपी काढली, घाम पुसला.

"ताराचंद," ते म्हणाले, "यायले फ्रिज दाखवले का गा?"

"नाही अजून. आता दाखवू?"

"आज नको," वामनराव टोपी घालत उठले. "उद्या येतीन दोघं."