तळ्याने घेतलेलं बागिन

तळ्यात किती पाणी येईल ते सांगणाऱ्या संगणकावरच्या मॉडेलला कामाला लावण्याआधी झोपवावं लागतं, असं केतकी म्हणायची. गेल्या वर्षांचा पाऊस त्याला एकामागून एक दाखवत न्यायचा. तो बघता बघता ते आपली अंदाजाने दिलेली सुरुवात विसरतं आणि खऱ्या मातीइतकं ओलं किंवा कोरडं होऊन जागं होतं. संस्थेतले बाकीचे तेवढ्यात चहाला जात. केतकी पडद्यासमोर बसून राही. सर्जापूर रोडच्या मागच्या तळ्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथे पडलेला थेंब शेवटी त्या तळ्यातच येतो ती सगळी जमीन, तळहाताएवढी होऊन समोर पसरलेली असे. पावसात ती निळी होई, उन्हात पिवळी. निळी, पिवळी. कुणी गाढ झोपेत श्वास घेत असावं तशी.

सकाळीच रणजीतचा फोन येऊन गेला होता. तळ्याच्या समितीचं काम तो बघे. घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरूचं. मराठीत कन्नड कधी मिसळली ते त्याचं त्यालाही कळत नसे.

"अक्का, संध्याकाळपासून मोठा पाऊस सांगितलाय. तळ्याचं दार उघडू की नको? स्वल्प लवकर सांग."

दार उघडलं आणि पाऊस आलाच नाही, तर दुष्काळानंतर पहिल्यांदा भरलेलं तळं वाहून जाणार. न उघडलं आणि पाणी बांधावरून गेलं, तर बांधाखालच्या घरांत शिरणार. त्यातलं पहिलं घर रणजीतच्या आईचं, जमनाबाईंचं. शिवाय आज बागिन द्यायचं होतं. तळं भरलं की सुपात हळदकुंकू, बांगड्या आणि नारळ ठेवून ते पाण्याला वाहतात.

मॉडेल आदल्या दिवशी म्हणालं होतं की वरची जमीन पुष्कळ पाणी पिईल आणि उरलेलं सांडव्यावरून सुखरूप जाईल.

"नको उघडू," केतकी म्हणाली.

"सरी, ठीक आहे! आईला सांगतो. सूप भरून बसलीय केव्हाची. तळंच जणू घरी हळदीकुंकवाला येणार आहे!"

दुपारी नवा अंदाज आला, म्हणून तिने मॉडेल पुन्हा झोपवलं. खिडकीबाहेरची हवा दाटून स्तब्ध झाली होती. पडद्यावर वर्षं सरकत होती आणि केतकीचे डोळे जड होत होते. गेल्या दुष्काळाचा उन्हाळा आला. तळ्याची जागा फिकट निळी. तिला वाटलं आपण त्या निळ्यातूनच चालतो आहोत, पायाखाली काहीतरी पापडासारखं मोडतं आहे, जमनाबाई पुढे आहेत. त्या उन्हाळ्यात दोघी खरंच तळ्याच्या तळातून चालत गेल्या होत्या. जुन्या घाटाच्या दगडी पायऱ्या पार तळापर्यंत उघड्या पडल्या होत्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर बसून जमनाबाईंनी डब्यातली चकली पुढे केली होती. आता पडद्यावर त्याच उन्हाळ्यात त्याच पायरीवर पुरुषभर पाणी होतं.

मग चकली काय आपण पाण्याखाली बसून खाल्ली?

केतकी खाडकन जागी झाली.

मॉडेलने दुष्काळ पाहिलाच नव्हता, आणि त्याला तो दिसू दिला नव्हता तिनेच. कोकणात काम करताना तिने एक नियम लिहून ठेवला होता. पावसाळ्यात पर्जन्यमापक फार दिवस शून्य दाखवू लागलं, की ते पानांनी तुंबलं आहे असं समजायचं आणि रिकामी जागा सरासरी पावसाने भरायची. कोकणात शून्याचा दुसरा अर्थच नव्हता. तो नियम तिच्याबरोबर इथे आला आणि निमूटपणे इथल्या खऱ्या शून्यांवर पाऊस पाडत राहिला.

तिने नियम काढून टाकला. मॉडेल पुन्हा झोपवलं. या वेळी पिवळी जमीन तांबूस झाली आणि तशीच राहिली. गवत मेलं, मातीवर कवच चढलं. मग आजचा पाऊस त्यावर सोडला, तर तापल्या तव्यावरून निसटावं तसं पाणी निसटलं आणि सगळंच्या सगळं एकदम तळ्याकडे धावलं. बांधाच्या वर.

चार सरींत तळं कसं भरलं, याचं सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं होतं. तिलाही. जमीन पाणी पीत नाही, हेच तळं सांगत होतं.

"रणजीत, दार उघड. आत्ता."

"अय्यो अक्का! सकाळी नको, आता हो? लोक मलाच बागिन म्हणून पाण्यात सोडतील."

"सकाळी मी चुकले होते. मी येते, लोकांना मीच सांगेन."

ती पोचली तेव्हा दार उघडलेलं होतं आणि आकाश मात्र कोरडं. घाटाची एकेक ओली पायरी वर येत होती. जमलेली माणसं तिच्याकडे बघत होती, मग आकाशाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती जे घडलं ते सांगत गेली. 

जमनाबाई सूप कडेवर घेऊन आल्या. "भरल्या तळ्याला बागिन देतात, बाळ. निघालेल्या तळ्याला काय द्यायचं? शिदोरी?"

"ते परत येईल, काकू."

"तुझं मशीन म्हणतं?"

"आता म्हणतं."

जमनाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हळूहळू उतरून नुकत्याच उघड्या पडलेल्या पायरीवर सूप ठेवलं. "येईल तेव्हा घेईल," त्या म्हणाल्या आणि वर येऊन केतकीशेजारी बसल्या.

पाऊस दिसण्याआधी त्याचा वास आला. दूर वरच्या अंगाला इमारती एकेक करून पुसल्या गेल्या. तळ्यावर अजून थेंब नव्हता, पण लाल पाणी आलं. आवाज न करता, घरचं माणूस मागच्या दाराने यावं तसं. एक पायरी गेली, दुसरी गेली. मागोमाग पाऊसही तळ्यावर पोचला. दारातून पाणी भरभरून बाहेर पडत होतं, तरी तळं चढतच होतं. केतकीची नजर बांधाच्या कडेवर खिळली होती. पाणी कडेपासून हातभर खाली येऊन थांबलं.

"सूप कुठंय?" रणजीत ओरडला.

सूप पायरीवरून कधी उचललं गेलं ते कोणाला दिसलं नव्हतं. ते पार मधोमध होतं. भर पावसात, हळद विस्कटत, संथ फिरत होतं.