भरल्या नावेचा पंखा

भुसावळच्या दानिश मिस्त्रीने नावेच्या इंजिनाचा पाण्यात फिरणारा नवा पंखा देताना बजावलं होतं, "भाऊ, हा डिझेल कमी पितो, पण भरल्या नावेवर तपासून घ्या." मी मोठा शहाणा! तापीत रिकामीच नाव फिरवली, निम्म्या डिझेलमध्ये खेप झाली, आणि गावभर मिशीला पीळ देत हिंडलो.

आज केळीच्या मळ्यातून परतणाऱ्या चौदा बाया नावेत होत्या. आमचा घाट प्रवाहाच्या वरच्या अंगाला. ऐन मधोमध आलो आणि धरणाचा पाणी सोडल्याचा भोंगा वाजला. बघता बघता पाणी गढूळलं, ओढ वाढली. मी इंजिन होतं तेवढं ताणलं. ते काळा धूर ओकत कण्हू लागलं, पण त्या पंख्याला भरली नाव रेटवेना. जुना पंखा घरी ओट्यावर पडला होता.

काठाकडे बघत भिकुबाई अक्का हळूच म्हणाली, "भाऊ, तो काठावरचा निंब पुढे का जाई राहिला?"

"खाली बघ अक्का. काठाकडे बघू नको."

तिने खाली पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या पायाशी डिझेलचा डबा होता, अजून निम्मा भरलेला.