एक पेला, दोन रांगा

मुकादमीण त्या फडक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. सुनेलासुद्धा नाही. सुनेला तर नाहीच नाही.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिने उभी हयात घालवली. चादरी उकळता उकळता तिथली मुकादम झाली. पुढे काम सुटलं, नाव सुटलं नाही. चर्चमध्येही सगळी मंडळी तिला मुकादमीणच म्हणे. वेदीवरची पांढरी वस्त्रं, द्राक्षारसाची सुरई, चांदीचा मोठा पेला आणि तो पुसायचं फडकं हा तिथला तिचा कारभार. आधीचा म्हातारा पाळक, म्हणजे तिथला धर्मगुरू, सुरई उचलण्याआधी तिच्याकडे बघून खाकरायचा, ते परवानगी मागणंच असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात. पण खाकरायचा हे खरं.

तिला दोन मुलं. थोरला घरं रंगवायची कंत्राटं घेई आणि चर्चच्या कमिटीवर होता. ती राहायची त्याच्याकडे. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहायचा, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि रविवारी चर्चचा ऑर्गन वाजवायचा. मग कमिटीने ठरवलं की ऑर्गन फार जुना झाला, तो काढायचा. तिथे पडदा लावायचा, गाण्याचे शब्द पडद्यावर आणि सूर स्पीकरमधून. हात वर करा म्हटल्यावर थोरल्याचाही हात वर गेला. धाकट्याला हे कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून, त्याच्या नाकावर चष्मा बसवत असताना. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना. एका ताटात जेवून वाढलेली पोरं, पण एकाच्या घरचं पाणी दुसऱ्याला चालेना.

एवढं होऊनसुद्धा एक गोष्ट शाबूत होती. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. त्यांची मंडळी ल्यूथरन पंथाची. तिथे पोरांना लहानपणीच पक्कं शिकवलेलं असतं की त्या भाकरीत आणि त्या पेल्यात खुद्द प्रभू आहे, नुसती त्याची आठवण नाही. वेदीपुढच्या कठड्याशी लोक ओळीने गुडघे टेकत. पाळक पेला एकाच्या ओठांना लावी, फडक्याने काठ पुसून जरासा फिरवी, आणि पुढच्याला देई. पेला सगळ्यांना एकच. बाकावर मुकादमीण दोन मुलांच्या मधे बसायची. कठड्याशी जायची वेळ आली की म्हणायची, "तुम्ही व्हा रे पुढे, माझे गुडघे धरलेत." मग थोरला आणि धाकटा शेजारी शेजारी टेकत, खांद्याला खांदा लागे, आणि थोरल्याच्या ओठांवरून निघालेला पेला सरळ धाकट्याच्या ओठांवर जाई. मागून ती बघायची, मग शेवटच्या ओळीत स्वतः जायची. घरी येऊन ते फडकं आधी थंड पाण्यात भिजवायची, मग हलक्या हाताने चोळायची. दोघांच्या तोंडचा काठ ज्या एका कापडाने पुसला ते कापड हातात आहे, तोवर तिचं घर फुटलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. हे ती कुणाला सांगत मात्र नसे. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, बोललं की स्वस्त होतात.

आणि अशात नवा पाळक आला.

त्याच्याशी भांडणं सोपं नव्हतं. माणूस गोड. उपासना संपल्यावर त्याने सगळ्यांना थांबवून घेतलं, एक ट्रे दाखवला आणि त्यातला इवलासा काचेचा पेला दोन बोटांत धरला. यापुढे ज्याचा त्याला वेगळा, असं म्हणाला. कठड्यालाही रजा. ज्यांना टेकता येत नाही ते मागे राहतात, त्यापेक्षा सगळ्यांनी रांगेने उभ्याने यावं.

मुकादमीण उठली. "ही कसली भांडी, साहेब? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतं तसलं टोपण दिसतंय."

लोक हसले. पाळकही हसला. "आकाराचं काय घेऊन बसलात, मावशी? आत तेच आहे."

"तेच आहे तर जुन्यानेच काय घोडं मारलंय?"

"आपला सुतार बघा," पाळक म्हणाला. सुतार मागच्या बाकावर टोपी घालून बसला होता, औषधांनी केस गेले होते त्याचे. "डॉक्टरांनी त्याला जपायला सांगितलंय. इतके महिने तो येतो, बसतो आणि काही न घेता घरी जातो."

"मग त्याला पहिला द्या. कुणाचं तोंड लागायच्या आधी."

"आणि तसा दुसरा कुणी आला तर?"

उत्तर सुचत नसलं की तिचा आवाज चढे, तसा चढला. "जन्मभर हॉस्पिटलच्या चादरी धुतल्यात मी. जंतू मला शिकवू नका."

"चादरी तुम्ही उकळत होता, मावशी," पुढून नर्सबाई म्हणाली. "पेला कुठे उकळतो आपण?"

पुन्हा हशा झाला, आणि या खेपेचा तिच्यावर होता.

"आई, बस खाली," कमिटीच्या खुर्चीवरून थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

"बसेल कशाला? बरोबर बोलतेय ती," धाकटा म्हणाला. भावाला नव्हे, समोरच्या भिंतीला.

"मी आहे तोवर पेला हलायचा नाही," मुकादमीण म्हणाली, आणि उभीच राहिली.

मग पाळकाने तोडगा काढला. कुणाचं मन मोडायला नको, दोन्ही ठेवू. डावीकडे ट्रे, उजवीकडे मोठा पेला, ज्याला जे हवं त्याने त्या रांगेला लागावं. सगळ्यांना हायसं वाटलं. बाया येऊन तिचे हात दाबून गेल्या. मुकादमीण जिंकली म्हणाल्या.

आठवडाभर ती ताठ मानेने फिरली. शनिवारी वेदीची वस्त्रं इस्त्री करत होती, तेव्हा सून चहा ठेवून तिथेच रेंगाळली. सुनेची जीभही काही कमी नव्हती, फक्त ती सासूसारखी रोज वापरायची नाही.

"आई, एक विचारू? उद्या तुम्ही कुठल्या रांगेत?"

"हे काय विचारणं झालं? पेल्याच्या."

"आणि हे ट्रेच्या."

मुकादमिणीचा हात थांबला.

"त्यांनीच तर कमिटीत मांडलं होतं," सून म्हणाली. "मांडणाराच उठून पेल्याकडे गेला तर लोक काय म्हणतील? भाऊजी पेल्याकडेच जाणार, ते सांगायलाच नको. म्हणजे एक डावीकडे, एक उजवीकडे. तुमचं बरंय, तुम्हाला हवं ते मिळालं."

करपल्याचा वास आला तेव्हा तिने इस्त्री उचलली. पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग पडला होता. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. सुनेने नुसती खिडकी उघडली, हे तिचे उपकारच म्हणायचे.

पेला सगळाच बंद झाला असता आणि सगळ्यांच्या हाती ती टोपणं आली असती, तरी पोरं निदान एका रांगेत पुढेमागे उभी राहिली असती. आता तिने भांडून, आवाज चढवून, त्यांना वेगवेगळ्या दारांनी आत जायची सोय करून दिली होती. तिला बसवेना. चहा निवला. तिने डाग धुतला, निघाला नाही. मग दुसरं कापड काढलं आणि तेही तसंच टाकून थोरल्याकडे गेली. तो अंगणात ब्रश धूत होता.

"उद्या माझ्याबरोबर पेल्याकडे ये."

"आई, मला जमायचं नाही."

"गुडघे दुखतात माझे. धरायला कुणी नको?"

"आता टेकायचंच नाहीये. उभं राहायचंय."

"सगळं मोडून ठेवलंत रे," ती म्हणाली आणि चपला घालून धाकट्याकडे निघाली. वाटेत दोनदा थांबली. एकदा दम लागला म्हणून, एकदा आपण काय बोलणार ते ठरेना म्हणून.

धाकटा दाराशीच भेटला. तिने इकडचं तिकडचं विचारलं, नातीच्या दाताचं विचारलं, आणि मग जाता जाता सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "उद्या एक दिवस तू त्या छोट्यातून घेतलंस तर काय बिघडतं?"

तो बघतच राहिला. "आई, सगळ्या मंडळीसमोर पेल्यासाठी भांडलं ते कोण होतं?"

"मीच."

"त्याने पाठवलं का तुला?"

"मला पाठवणारा अजून जन्माला यायचाय."

"मग?"

मग काय, ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. हात जोडले असते तर धाकटा विरघळला असता, तिला ठाऊक होतं. पण मुलांपुढे हात जोडायची तिला सवय नव्हती. "काही नाही. नातीला गोड कमी देत जा," म्हणाली आणि परतली.

रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचली. वेदीमागच्या खोलीत नर्सबाई एकेक छोटा पेला भरत होती.

"मुकादमीणबाई, मोठ्यात जरा बेतानेच घाला. बहुतेक लोक इकडेच येणार."

"येऊ देत," ती म्हणाली. बेताने म्हणे. तिने सुरई उचलली आणि मोठा पेला दर वेळी भरायची तेवढाच भरला. हरलेल्या माणसासारखा अर्धा पेला वेदीवर ठेवायची तिची तयारी नव्हती.

उपासना चालली. पडद्यावर शब्द सरकत होते. तिला ते वाचता येत नसत, लागतही नसत, सगळी गीतं पाठ होती. पण त्या दिवशी पाठ असलेलंही अडखळत होतं. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा, आणि ती मधे चुळबुळत होती. पाळकाने भाकर आणि पेला उचलून प्रभूचे शब्द म्हटले. लोक उठले. डावी रांग बघता बघता दारापर्यंत गेली. सुतार तिच्यात होता, हातातली टोपी चुरगाळत. त्याचा चेहरा बघून तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचा रागही आला. उजव्या रांगेत चार डोकी होती, तीही पिकलेली.

थोरला उठून डावीकडे गेला. धाकटा उठून उजवीकडे गेला.

मुकादमीण उठली नाही.

लहानपणी पहिल्यांदा वेदीपाशी गेल्यापासून तिने प्रभुभोजन कधी चुकवलं नव्हतं. नवरा गेला त्या आठवड्यातही नाही. आता पाय म्हणत होते चल, पण कुठे चल? जिकडे जावं तिकडे एका पोराला पाठ दाखवायची. ती बाकाचा काठ धरून बसून राहिली. शेवटचा माणूस परतला, पाळकाने तिच्याकडे बघितलं, क्षणभर थांबला, आणि मग आशीर्वाद झाला.

उपासना संपली तशी दोघंही तिच्याकडे आले, दोन बाजूंनी.

"काय झालं? चक्कर आली का?" थोरल्याने विचारलं.

"हात बघू. गार पडलाय," धाकटा म्हणाला. मग मान वर न करता म्हणाला, "सकाळची गोळी दिली होती का हिला?"

"दिली होती."

"कितीची?"

"रोजची. मी काय तिला उपाशी मारतो?"

"मी तसं म्हटलं का?"

गोड बोलणं नव्हतं ते. पण इतक्या महिन्यांत एकाने विचारलं आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, हे पहिल्यांदाच. मुकादमीण मुद्दाम गप्प राहिली.

"मला काही झालेलं नाही," शेवटी ती म्हणाली. "पेला आवरायचाय. उठवा मला."

दोघांनी तिला उठवलं आणि वेदीमागच्या खोलीत नेलं. तिथे पाळक टेबलापाशी अवघडून उभा होता. समोर मोठा पेला, अर्ध्याहून अधिक भरलेला.

"मावशी, हे फार उरलं हो," तो म्हणाला. "बाकीचे सगळे गेले. मला आता गाडी चालवत एका आजाऱ्याकडे जायचंय, मी एकटा नाही संपवू शकत."

उरलेलं मोरीत ओतायचं नाही आणि परत सुरईतही घालायचं नाही, ही त्या मंडळीची जुनी रीत. ज्यांनी त्या दिवशी घेतलंय त्यांनीच तिथल्या तिथे संपवायचं. नव्या पाळकाने बरंच काही बदललं होतं, याला हात लावला नव्हता. त्याने दोन्ही भावांकडे बघितलं. "तुम्ही दोघांनी आज घेतलंय. मदत करा."

थोरला म्हणाला, "मी छोट्यातून घेतलंय."

"आत तेच होतं," पाळक म्हणाला.

थोरल्याने पेला दोन्ही हातांनी घेतला. सावकाश प्यायला, पुरता अर्धा. मग टेबलावरचं फडकं उचललं, काठ पुसला, पेला जरासा फिरवला आणि भावापुढे धरला. धाकट्याने भावाकडे बघितलं नाही, पेल्याकडे बघितलं. घेतला आणि तळाशी काही न ठेवता संपवला.

फिरवला तो भावाला स्वच्छ बाजू मिळावी म्हणून, की आपल्या ओठांच्या जागी भावाचे ओठ नकोत म्हणून? मुकादमिणीने थोरल्याचा चेहरा न्याहाळला. रंगाऱ्याचा चेहरा, कोरी भिंत. काही कळेना.

"तुम्ही का नाही आलात, मावशी?" पाळकाने हळूच विचारलं.

"दोन्हीकडे माझीच माणसं होती," ती म्हणाली. "मला जागा दिसली नाही."

दोघं भाऊ जमिनीकडे बघत होते. मग धाकटा म्हणाला दुकान उघडायचंय. रविवारी दुकान बंद असतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी अडवलं नाही. थोरला ट्रे उचलून बाहेर गेला. दारात दोघं एकमेकांना वाट द्यायला थांबले आणि मग एकदमच निघाले.

"पुढच्या वेळी तुम्हाला घरी येऊन देऊ का?" पाळक म्हणाला.

"मला काय धाड भरलीय? मी इथेच येईन." आजचं हुकलं ते हुकलं, ते महिनाभर बोचत राहणार होतं.

"आणि पेल्यात जरा कमीच भरू या. असं उरलेलं बरं नाही."

"बघू," मुकादमीण म्हणाली.

तो गेल्यावर तिने पेल्यात पाणी घातलं, खळबळवलं आणि ते बाहेर नेऊन मातीत ओतलं. कमी ती भरणार नव्हती. तेवढं तिचं ओतता ओतताच ठरलं होतं. पण ठरल्यावर जीव शांत व्हावा, तो होईना. प्रभूच्या पेल्यात जाणूनबुजून जास्त घालायचं, आपली पोरं जवळ यावीत म्हणून, हे पाप की काय? लहानपणी चर्चमध्ये पाठ केलेली धर्माची प्रश्नोत्तरी तिने मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला घेतली. सगळे प्रश्न आठवले, उत्तरंही आठवली. हा प्रश्न काही त्यात सापडेना. तिने फडकं उचललं, पिशवीत घातलं, आणि दार लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.