राणीसरकारांची नवी खुर्ची

“नको म्हणतेय ती,” मिस्त्री दारातूनच म्हणाले.

“काका, अजून नीट बसवलंसुद्धा नाही आम्ही तिला,” थेरपिस्ट मॅडम पट्टा ओढता ओढता म्हणाल्या. “दोन मिनिटं तरी द्या!”

पण राणीसरकारांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. छताकडे पाहिलं की ‘हो’ आणि डोळे मिटले की ‘नाही’, हे दिव्यांग मुलांच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बारा वर्षांच्या त्या मुलीची मान सावरत नव्हती, हात भलतीकडेच जात, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण नुसत्या डोळ्यांवर ती असा कारभार हाकायची, की तिला ‘राणीसरकार’ कुणी म्हणायला लागलं ते कुणाला आठवत नव्हतं आणि ते नाव बदलावं असंही कुणाला वाटत नव्हतं.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. मग तिनं रडायला सुरुवात केली. मोठ्यानं नाही. घशातल्या घशात, दार कुरकुरावं तसं. शेवटी सांभाळणाऱ्या ताईंनी पट्टे सोडले, तिला अलगद उचललं आणि मिस्त्रींनी केलेल्या जुन्या खुर्चीत ठेवलं. कुरकुर थांबली.

मिस्त्रींनी चेहरा गंभीर ठेवला. पण खरं सांगायचं तर मनातून त्यांना गुदगुल्या होत होत्या.

तीस वर्षं त्यांनी एका दुकानात सोफे केले होते. दुकान बंद पडलं, तेव्हा पन्नाशी उलटलेली. या घराच्या एका दाराचं बिजागर बसवायला म्हणून आले, आणि एक पोर उशांच्या ढिगातून पुन्हा पुन्हा घसरताना त्यांना दिसलं. ताई त्याला वर सरकवायच्या, ते पुन्हा खाली. मिस्त्रींना बघवेना. दुसऱ्या दिवशी ते फोमचा एक ठोकळा घेऊन आले, पोराच्या पाठीचं माप घेतलं आणि सुरीनं कोरायला बसले. बिजागर राहिलंच. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. घरातल्या अठरा मुलांपैकी प्रत्येकाची बैठक त्यांच्या हातची होती. कुणाचं कंबरडं डावीकडे कलतं, कुणाला मांड्यांमध्ये आधार लागतो, हे त्यांना तोंडपाठ. “आयुष्यभर बसता येणाऱ्यांसाठी सोफे केले,” ते म्हणायचे, “आता कुठे खरं काम मिळालं.”

आणि आता ही कारखान्यातून आलेली खुर्ची. एका संस्थेनं भेट दिलेली. चकचकीत चाकं, मागे कलणारी पाठ, मानेला तिन्ही बाजूंनी आधार, पायांना खोलगट साचे आणि त्यांवर पट्टे. मिस्त्रींनी खुर्चीला एक फेरी मारली. कुठेतरी खोट काढावी म्हणून शिवणीवरून बोट फिरवलं. शिवण पक्की होती.

तीन दिवस तेच झालं. बसवलं की डोळे बंद, मग रडणं, मग जुनी खुर्ची. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मिस्त्रींना पडवीत गाठलं. मॅडम वयानं लहान, मिस्त्रींच्या लेकीएवढ्या, पण कामात चोख.

“काका, तुमच्या खुर्चीला मी नावं ठेवत नाही. पण पोर वाढतेय आणि तिची पाठ एका बाजूला वाकत चाललीये. एका फुफ्फुसाला जागाच उरत नाहीये. यंदा दोनदा दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं. ही पाठ आत्ता धरली नाही, तर वर्षभरात ती कुठल्याच खुर्चीत बसू शकणार नाही. पलंगावर पडून राहील.”

“मग माझ्या खुर्चीत थोडा फोम वाढवतो की.”

“दोनदा वाढवलाय तुम्ही. आठवतंय ना?”

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली आणि ते निघाले.

संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. पोरगी कशी हट्टी, कारखान्याच्या खुर्चीला कशी बधत नाही, आणि जुन्या खुर्चीत ठेवली की कशी शांत होते. बायको भाजी निवडत ऐकत होती.

“अहो, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“तुमच्या खुर्चीला सवत आली, आणि पोरीनं सवतीला हाकललं म्हणून तुम्ही खूश झालात का?”

“छे! भलतंच काय?”

“मग मिशीतल्या मिशीत हसताय कशाला? ती पोर तीन दिवस काहीतरी सांगतेय. तुम्ही सगळे नुसतं ‘नाही’ ऐकताय. कशाला नाही, ते कुणी विचारलं का तिला?”

मिस्त्रींचा चहा तसाच निवला. बायकोचं बोलणं त्यांना लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं विसावली होती. मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि नव्या खुर्चीत बसवलेल्या राणीसरकारांच्या समोर बसले. ताईंना म्हणाले, “रडली तरी लगेच उचलू नका. मी बोलतोय तिच्याशी.”

“सरकार, कुठे टोचतंय का?”

डोळे मिटले. नाही.

“पाठीला? मानेला?”

नाही. नाही.

“रंग आवडला नाही? माझाही नाही आवडला, खरं सांगू का.”

ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण डोळे मिटलेच.

“भीती वाटते?”

नाही.

“फार उंच आहे?”

इथे ती घोटाळली. डोळे अर्धे वर गेले, मग मिटले, मग पुन्हा वर. हो पण आणि नाही पण. मिस्त्री पुढे सरकले.

“उंच आहे म्हणून काहीतरी नाहीसं झालंय?”

डोळे छताकडे गेले.

“वस्तू?” नाही. “माणूस?” हो. “ताई?” नाही. “आई?” नाही. मिस्त्रींनी घसा साफ केला. “मी?”

डोळे इतक्या झटकन मिटले, की बाजूला टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या ताई फस्सकन हसल्या. मिस्त्रीही हसले, जरा ओशाळून.

तेवढ्यात भिंतीच्या कडेनं मुंगी आली. सहा वर्षांची ती पोर. डोळ्यांना अंधार, कानांनाही जवळजवळ काहीच नाही. भिंतीला हात लावून सगळं घर फिरायची, म्हणून मुंगी. राणीसरकारांची जुनी खुर्ची जिथे असायची तिथे ती थांबली, खाली बसली आणि जमिनीपासून चार बोटांवर हात फिरवू लागली. डावीकडे, उजवीकडे. हाताला नव्या खुर्चीचं चाक लागलं. गार लोखंड. तिनं हात मागे घेतला, पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि तोंड पाडून भिंतीकडे वळली.

मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुनी खुर्ची बुटकी होती. त्यात पाय उघडे, फळीवर टेकलेले. मुंगी रोज तिथेच बसायची, राणीसरकारांच्या पायाशी. कुणाच्या पायाशी तरी बसायचंच, म्हणून बसते, असं सगळे धरून चालले होते.

“मुंगी?” त्यांनी हळूच विचारलं.

राणीसरकारांनी वर पाहिलं, आणि डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळलं तरी नजर खाली आणली नाही.

मिस्त्रींनी उजव्या पायाचा पट्टा सोडला. मग मुंगीला उचलून स्टुलावर बसवलं आणि तिचा हात त्या पायावर ठेवला. मुंगीनं अंगठा मुठीत धरला. अंगठा दोनदा हलला. मुंगीनं दोनदा दाबलं. अंगठा एकदा हलला, थांबला, मग भरभर तीनदा. मुंगी खिदळली. त्या घरात तिचं हसणं ताईंनीसुद्धा क्वचितच ऐकलं होतं.

“अगंबाई,” ताईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “तो अंगठा आपोआप उडतो असंच समजत होतो आपण. या तर गप्पा मारतायत!”

मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, नाक पुसलं आणि मग लगेच कामाच्या भाषेत आल्या.

“पाय मोकळा सोडला तर झटका आल्यावर ती खाली घसरेल, काका. पाठीचा सगळा आधारच जाईल.”

“डावा बांधलेला राहू दे. उजव्याला टाचेपासून चवड्यापर्यंत मी फोमची वाटी करतो, घट्ट बसणारी. फक्त बोटं बाहेर.”

“घोटा सरळ राहिला पाहिजे.”

“राहील. तुम्ही माप द्या, केसाचाही फरक पडणार नाही.”

“आणि मुंगी काय रोज स्टुलावर चढणार?”

“तिच्यासाठी पायरी करतो. चाकाला लागून, कठडा असलेली. हातानं चाचपून चढता येईल अशी.”

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “फोम कुठून आणणार? मागवला तर पंधरा दिवस जातील.”

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीकडे नजर टाकली. “आहे,” ते म्हणाले.

त्या दुपारी शेडमध्ये त्यांनी जुन्या खुर्चीचं कापड उसवलं. आतला फोम पिवळा पडला होता. त्यात तिच्या डाव्या कुशीचा खोलगा पडलेला, दोनदा भर घातलेल्या जागा जोडपट्टीसारख्या दिसत होत्या. त्यांनी तळहात त्या खोलग्यात ठेवला. पाठ किती वाकली होती, ते हाताला नीट कळलं. नजरेला इतकी वर्षं कळलं नव्हतं, की कळूनही आपण कानाडोळा केला? मग त्यांनी सुरीला धार लावली आणि चांगला उरलेला भाग कापायला घेतला.

वाटी तीनदा बदलावी लागली. पायरी मात्र पहिल्या फटक्यात जमली. पाचव्या दिवशी राणीसरकार नव्या खुर्चीत सकाळपासून जेवणापर्यंत बसल्या. पाठ सरळ, श्वास मोकळा. मुंगी भिंतीच्या कडेनं आली, कठडा चाचपला, पायरी चढली आणि तिला अंगठा सापडला.

मग काय विचारता! बातमी घरभर झाली. स्वयंपाकाच्या बाई पदराला हात पुसत आल्या, ऑफिसातले कारकून आले, खुर्ची देणाऱ्या संस्थेचे दोन पाहुणे मोबाइल वर धरून आले. कुणी ‘वा’ म्हणालं, कुणी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, “ही काकांची कल्पना.” मिस्त्री नको नको म्हणत होते आणि थोडे फुलतही होते.

तेवढ्यात त्यांचं लक्ष राणीसरकारांकडे गेलं. डोळे गच्च मिटलेले.

मिस्त्री गुडघे टेकून खाली बसले.

“काय झालं, सरकार? पाय दुखतोय?”

नाही.

“पाठ?”

नाही.

मिस्त्रींनी मागे वळून त्या गर्दीकडे पाहिलं. “ही सगळी माणसं जायला हवीत?”

डोळे तडक छताला गेले.

ताईंनी हसू दाबत सगळ्यांना बाहेर काढलं. मोबाइल खाली आले, चपला वाजल्या, मॅडमही कागद गोळा करून ताईंबरोबर निघाल्या. खोलीत तिघंच उरली.

“आणि मी?” मिस्त्रींनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ, अगदी मायेनं. मग नजर सावकाश वर नेली.

“बरं,” मिस्त्री म्हणाले. गुडघ्यावर हात देत उठले, हत्यारांची पेटी उचलली, ती वाजू नये म्हणून छातीशी धरली आणि बाहेर येऊन दार हलकेच ओढून घेतलं.