उजव्या बाजूचा करकोचा

विमानाला दोन बाजू असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण विमानाचा पेहराव ठरवणाऱ्यांच्या दुनियेत त्याला एकच बाजू असते, डावी. प्रवासी डावीकडून चढतात, फोटो डावीकडून निघतात, मीटिंगमध्ये पडद्यावर झळकते तीही डावीच. उजवी बाजू म्हणजे कपाटामागची भिंत. रंगवायची सगळ्यांनी, बघायची कुणीच नाही.

एका डिझायनर बाईचा घात केला तो या उजव्या बाजूनेच.

बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा सरांनी तिला काचेच्या खोलीत बोलावून घेतलं होतं. "नवी विमान कंपनी. बड्या लोकांची. शेपटीवरच्या चिन्हापासून चमच्यापर्यंत सगळं आपण ठरवायचं. नीट पार पाडलंस तर डिझाइन विभाग तुझा. नाहीतर..." त्यांनी काचेपलीकडे बसलेल्या चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाला तिच्याहून ज्युनियर, सडाफटिंग आणि झोप पूर्ण झालेला.

तिची झोप कधीच पूर्ण होत नव्हती. आणि विमान कंपनीच्या मालकीणबाईंना पांघरुणासाठी हवा होता 'गाढ झोपेचा रंग'. उपाश्याला पक्वान्नाची चव विचारावी तसं झालं. तिने निळ्याच्या, राखाडीच्या, जांभळ्याच्या छटांवर छटा काढल्या. सगळ्याच बघून तिला जांभया आल्या, म्हणून शेवटी जी सगळ्यात आधी समोर होती तीच दिली. ती पसंत पडली.

शेपटीवरचा पक्षी मात्र तिला आपसूक सुचला. लांब पंख पसरून निघालेला करकोचा, पण मान मागे वळवलेली. तो कुठून आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी ती ढब्बूला, म्हणजे आपल्या गुबगुबीत लेकीला, पाळणाघरात सोडायची, तेव्हा तिथल्या मावशी दटावायच्या, "वळून बघू नका हो ताई! तुम्ही बघता म्हणून ती भोकाड पसरते. नाकासमोर चालू लागा." ती नाकासमोर चालू लागायची. दिवसभर तिची मान धरलेली असायची.

चित्र बघून मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. "सुंदर आहे. पण हा मागे का बघतोय? घरी गॅस चालू राहिलाय का त्याचा?" सगळे हसले. तीही हसली. "माझे प्रवासी पुढे जाणारे आहेत. मान सरळ करा."

जिन्यात सर म्हणाले, "कर बाई सरळ आणि संपव एकदाचं. आपण भरारी विकतोय, सासरी निघालेली नवरी नाही."

तिने डावीकडच्या करकोच्याची मान सरळ केली. उजवीकडचा कागद उघडणार तोच फोन वाजला. "ताई, पोरीचं अंग तापलंय." हातातलं काम तसंच टाकून ती धावली. ढब्बूचा ताप दोन दिवस उतरला नाही. रंगाऱ्यांनी तर कागदांचा धोशाच लावला होता. तापलेल्या पोरीला खांद्यावर थोपटता थोपटता, उभ्या उभ्या डुलकी घेत, तिने दोन्ही कागदांवर सही करून पाठवून दिलं.

पहिलं विमान रंगून झालं तेव्हा ती आणि सर हँगरमध्ये थोडे लवकरच पोचले. सर डाव्या बाजूला उभे राहून "वा, वा!" करत होते. ती सहज पंखाखालून पलीकडे गेली. वर बघितलं.

करकोचा मागे वळून बघत होता. शेपटीएवढा उंच.

"आम्हीही चमकलो होतो," रंगाऱ्यांचे मुकादम फडक्याने हात पुसत म्हणाले. "दोन बाजूंना दोन तऱ्हा! पण कागदावर तुमची सही. म्हटलं, असेल बड्या लोकांची फ्याशन."

मागोमाग सर आले. बघितलं, आणि त्यांनी तिला चाकाआड ओढलं. "हे बघ, मुकादमाच्या माथी मार. म्हणावं, जुनाच कागद धरून बसला. मालकीणबाई येतीलच आता."

"आणि त्याचं पुढचं काम?"

"तुझ्या पुढच्या कामाचं बघ आधी!"

तिने मुकादमांकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला पटत नव्हतंच, पण मुळात ते बोलायलाही अंगात त्राण लागतं. आज बोलायचं, उद्या सांभाळायचं, परवा त्याला ठिगळ लावायचं. एवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

मालकीणबाई आल्या आणि सरळ उजवीकडेच गेल्या. "हे कुणी केलं?"

सर घसा खाकरू लागले.

"मी," ती म्हणाली. "एक बाजू सुधारली, दुसरी राहिली. मुकादमांनी माझ्या सहीबरहुकूम रंगवलंय."

मालकीणबाई बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. "आता तरी सांगा. का बघतोय तो मागे?"

"घरी कुणीतरी असेल त्याचं."

मालकीणबाई पर्स काखेत घट्ट धरून म्हणाल्या, "सरळ करा," आणि निघून गेल्या.

मुकादमांनी शिडीकडे जाताना फडकं खांद्यावर टाकून मान हलवली.

परतीच्या गाडीत सर सिग्नलपाशी म्हणाले, "विभाग चष्मेवाल्याकडे जाणार. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"अगं, निदान रड तरी!"

"सर, मला इथेच सोडा. पाळणाघर इथून जवळ आहे."

दारात मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगोबाई! आज चक्क उजेड असतानाच?"

ढब्बू पाठमोरी बसली होती, ठोकळ्यांवर ठोकळे रचत. आईने तिला हाक मारली नाही. चपलांच्या कपाटाशेजारच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन ती टेकली. थोड्या वेळाने पोरीने आपणहून मान वळवली. आईला बघितलं. रडली नाही, धावलीही नाही. हातातला लाल ठोकळा उंच धरून दाखवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. केवढं काम पडलं होतं तिला!

"घेऊन येऊ का तिला?" मावशींनी विचारलं.

भिंतीला डोकं टेकून ताई झोपली होती, तोंड किंचित उघडं. मावशींनी मुलांचं एक पांघरूण आणलं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंतच पुरलं.