दोन पाट्या वर

लिलाव सांस्कृतिक भवनाच्या त्याच सभागृहात होता, जिथे कम्युनिस्ट राजवटीची चाळीस वर्षं गावाने एकमताने हात वर केले होते. ल्युदमिलाला सरकारी दुधाचं दुकान हवं होतं. उभा जन्म तिने त्या गल्ल्यामागे काढला होता. बोली लावणारे दोघे तरी नसतील तर लिलाव रद्द, आणि मग पुढच्या लिलावाला प्रागचे पैसेवाले येणार. म्हणून तिने कोळसेवाल्या बोहुस्लावलाही नंबराची पाटी घ्यायला लावली होती.

"तू नुसतं दगडासारखं बसायचं. जमेल?"

"बसणं मला छान जमतं, मिला. सगळ्या सभांत दुसरं काय केलं?"

मंचावर सभापतीही जुनेच, फक्त कोटावरचा पक्षाचा बिल्ला गेलेला. त्यांनी किंमत पुकारली. मिलाने पाटी वर केली, आणि मागच्या रांगेतून बोहुस्लावचीही पाटी वर! किंमत चढली. तिने पुन्हा पाटी वर केली, पाठोपाठ त्याने.

मिला तरातरा त्याच्याजवळ जाऊन बसली. "मेल्या, माझ्याच मुळावर उठलास?"

"तुझा हात वर गेला की माझा आपोआप जातो गं!" तो घामाघूम झाला होता.

तिला हसावं की रडावं कळेना. कशासाठी हात वर करतोय हे तेव्हा कुणाला ठाऊक असायचं? सभा सुटली की ती गल्ल्याखालून त्याच्या आजारी बायकोसाठी सायीची बरणी काढायची, आणि हा मागच्या दारी कोळशाचं जादा पोतं टाकून जायचा. ते दिवस चांगले नव्हते, पण एकटीने हात वर करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

आता तिच्याजवळ एकाच बोलीपुरते पैसे उरले होते. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट मांडीवर दाबून धरलं आणि उजव्याने पाटी उचलली.

"कोणी विरोधात?" सभापती सवयीने बोलून गेले. सभागृह खो खो हसलं. तिच्या मुठीतलं मनगट वर यायला धडपडत होतं. तिने सगळा जोर लावला.

हातोडा पडला. दुकान तिचं झालं. भरल्या सभागृहात तिचा एकटीचाच हात वर होता, आणि ती ढसाढसा रडत होती.

"आता घे गं खाली," बोहुस्लाव हळूच म्हणाला. "सभा संपली."